शाळेच्या खिडक्यांसाठी विद्यार्थ्यांकडून स्टेन्ड ग्लाससारखी चित्रे : साहित्य कोणते, रेषा कशा, टिकतील किती?

गिरणाकाठ (प्रश्न)

सर्व कलाशिक्षकांना नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यात गिरणा नदीच्या काठावरील एका गावातील माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. यंदा सातवी आणि आठवीच्या विद्यार्थ्यांकडून स्टेन्ड ग्लासचा, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेल्या काचचित्राचा, आभास देणारी चित्रे करून घ्यावीत आणि डिसेंबरअखेरच्या स्नेहसंमेलनात ती शाळेच्या खिडक्यांमध्ये बसवावीत, असे योजले आहे. खरी काच वर्गात आणायची नाही, हे मुख्याध्यापकांशी बोलून आधीच ठरले आहे. दोन्ही वर्ग मिळून पन्नासच्या आसपास विद्यार्थी आहेत. चित्रकलेच्या तासिका मोजक्याच असतात आणि त्यांतल्याही काही एलिमेंटरी या चित्रकला परीक्षेच्या सरावात जातात, त्यामुळे पद्धत अशी हवी की तास संपला तरी काम अर्धवट अवस्थेत सुरक्षित बाजूला ठेवता यावे.

खिडक्या एका मोठ्या वर्गखोलीच्या आहेत. चारही दक्षिणेला, मैदानाच्या बाजूस उघडतात. प्रत्येक खिडकी तीन फूट रुंद आणि चार फूट उंच असून तिला लोखंडी गज आणि लाकडी झडपा आहेत. काचेची तावदाने नाहीत.

माझ्यासमोर तीन अडचणी आहेत. पहिली साहित्याची : जिलेटिन पेपर, पतंगाचा कागद, पारदर्शक शीटवर ग्लास कलर, तेल लावलेला कागद, असे बरेच पर्याय ऐकून आहे, परंतु एवढ्या मोठ्या आकाराला त्यांपैकी कोणता चालेल, हे कळत नाही. दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. मुले आधी नेहमीसारखे चित्र काढतात आणि मग त्याला जाड काळी किनार देतात, त्यामुळे ते रंगभरणाच्या वहीतील पानासारखे दिसते आणि काचचित्राचा भास होत नाही. हे कसे शिकवावे? तिसरी अडचण उन्हाळ्याची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. ही चित्रे पुढच्या वर्षापर्यंत टिकवता येतील का?

पांझराकाठ

गिरणाकाठ सर, आपण साहित्याचा प्रश्न आधी आणि रेषेचा नंतर विचारला आहे. माझ्या मते क्रम उलटा करावा, कारण रेषेचे तत्त्व मुलांना एकदा उमगले की साधा पतंगाचा कागदही काचेसारखा दिसू लागतो, आणि ते उमगले नाही तर महागडे ग्लास कलर आणूनही चित्र सपाटच राहते.

खऱ्या काचचित्रात काळी रेषा ही सजावट नसते. रंगीत काचेचे वेगवेगळे कापलेले तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांमध्ये बसवून एकमेकांना जोडलेले असतात. प्रकाशाच्या विरुद्ध बाजूने पाहताना शिसे काळे दिसते, आणि तीच आपल्याला दिसणारी रेषा. म्हणजे जिथे एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे रेषा असलीच पाहिजे, आणि जिथे तुकडा बदलत नाही तिथे ती असता कामा नये. मुलांना हे तोंडी सांगून फारसे पोहोचत नाही, म्हणून मी पहिला तास चित्र न काढताच घेते. प्रत्येकाला वहीच्या पानाएवढा एक रंगीत कागद द्यावा, त्याचे कात्रीने दहा-बारा तुकडे करायला सांगावेत, एकही तुकडा टाकून द्यायचा नाही, आणि ते सगळे तुकडे काळ्या कागदावर मूळ जागी, मात्र एकमेकांत बोटभर अंतर ठेवून चिकटवायचे. मधली काळी फट म्हणजे शिसे. एवढ्या एका कृतीनंतर ‘आता चित्राचे तुकडे करा’ असे म्हटले की मुलांना नेमके काय करायचे ते समजते.

त्यानंतर तीन नियम फळ्यावर लिहून ठेवावेत आणि त्यांत सवलत देऊ नये. कोणतीही रेषा मध्येच संपणार नाही. ती दुसऱ्या रेषेला किंवा चौकटीला मिळालीच पाहिजे. कोणत्याही तुकड्यात आतल्या बाजूला खोल खाच असणार नाही, कारण खरी काच अशा जागी तडकते आणि कारागीर तिथे एक जादा रेषा घेऊन तुकड्याचे दोन भाग करतो. आणि पार्श्वभूमीचेही तुकडे पडलेच पाहिजेत. हा तिसरा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. मुले केळीचे झाड सुंदर विभागतात आणि मागचे आकाश मात्र एकसंध निळे सोडून देतात. मग झाड त्या आकाशावर चिकटवल्यासारखे दिसते. पानाच्या टोकापासून निघालेली रेषा आकाशातून थेट चौकटीपर्यंत नेली की सगळे चित्र एका जाळीत बांधले जाते.

विषयांसाठी फार दूर जाण्याची गरज नाही. केळीचे पान तर जणू या कामासाठीच घडलेले आहे : मधला जाड दांडा, त्याला काटकोनाच्या जवळपास जाणाऱ्या समांतर शिरा आणि वाऱ्याने त्याच शिरांवर फाटलेल्या पट्ट्या. त्या पट्ट्यांना पिवळट हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत चार-पाच छटा दिल्या की काम झाले. सातपुड्याच्या एकामागे एक दिसणाऱ्या रांगा, कपाशीचे उमललेले बोंड, विहिरीवर लोंबणारी सुगरणीची घरटी, श्रावणात पुजल्या जाणाऱ्या कानबाई देवीचा मांडलेला चौरंग हे विषयही मुलांच्या रोजच्या पाहण्यातले आहेत. शाळेची सहल अजिंठ्याला जाणार असेल, तर मुलांना पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याचे छत वर मान करून नीट पाहू द्या. चौकोनांत आणि एकात एक वर्तुळांत बसवलेली तिथली फुले, फळे आणि पक्षी पाहिले की पृष्ठभागाची विभागणी म्हणजे काय, हे मुलांना पाठ्यपुस्तकातील संकल्पचित्रापेक्षा लवकर कळते.

आता मापाकडे वळते. तीन बाय चार फुटांची खिडकी म्हणजे ३६ बाय ४८ इंच. तिचे १८ बाय २४ इंचांचे चार भाग पडतात आणि बाजारात मिळणाऱ्या २२ बाय २८ इंचांच्या कार्डशीटमध्ये असा एक भाग कडेची पट्टी धरून सहज बसतो. चार खिडक्यांचे सोळा भाग होतात, म्हणजे तीन-तीन विद्यार्थ्यांचा एक गट करता येईल. मात्र प्रत्येक गटाला स्वतंत्र चित्र काढू देऊ नये. संपूर्ण खिडकीचे चित्र आधी खाकी कागदावर पूर्ण आकारात काढावे, तुकड्यांना क्रमांक द्यावेत, प्रत्येक क्रमांकापुढे रंग लिहावा, आणि नंतरच त्याचे चार भाग करून गटांना वाटावेत. युरोपातील जुन्या कार्यशाळांतही असेच होत असे; बाराव्या शतकातील थिओफिलस नावाच्या भिक्षूने आपल्या ग्रंथात खडूची पूड फासलेल्या फळीवर खिडकीचे पूर्ण मापाचे रेखाटन करण्याची रीत सविस्तर लिहून ठेवली आहे.

साहित्याबद्दल माझी स्पष्ट पसंती बटर पेपर, पतंगाचा कागद आणि काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या यांना आहे. पुष्कळ ठिकाणी काळ्या कार्डशीटमध्ये खिडक्या कोरून मागून रंगीत कागद लावतात, परंतु त्यासाठी पन्नास मुलांच्या हाती कटर द्यावा लागतो आणि एक बारीक पट्टी तुटली की सगळा भाग वाया जातो. त्याऐवजी बटर पेपर रेखाटनावर पसरावा, पतंगाच्या कागदाचे तुकडे क्रमांकाप्रमाणे कापून त्यावर चिकटवावेत, शेजारच्या तुकड्यांच्या कडा दोन-तीन मिलिमीटर एकमेकांवर येऊ द्याव्यात आणि शेवटी प्रत्येक सांध्यावर काळ्या पट्ट्या लावाव्यात. सगळे काम कात्रीवर होते, तास संपला की भाग सपाट ठेवून देता येतो, आणि कामाचा क्रम खऱ्या काचचित्राचाच राहतो : आधी तुकडे, मग शिसे. पतंगाच्या कागदाचा रंग पाण्याने सुटतो, म्हणून पातळ डिंक किंवा खळ वापरू नये. कोरडी ग्लू स्टिक घ्यावी.

पट्टीची रुंदी एक सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नका. हातात धरून पाहताना ती फार जाड वाटते आणि मुले तक्रार करतात, पण मागून प्रकाश आला की उजेड कडांवर पसरतो आणि दुरून तीच रेषा निम्मी भासते. डोळे, बोटे, पिसे असे बारीक तपशील पट्टीने दाखवू नयेत. ते काळ्या मार्करने काढण्यास हरकत नाही. खरे कारागीरसुद्धा काचेची पूड आणि लोखंडाचा किंवा तांब्याचा ऑक्साइड मिसळलेल्या गडद रंगाने असे तपशील काचेवर रंगवून ती भट्टीत भाजत असत.

विज्ञान_अमळनेर

मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे चित्राच्या सौंदर्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही, पण या उपक्रमात आमच्या विषयाचे बरेच काही आहे आणि ते साहित्य निवडताना उपयोगी पडेल.

सरांनी सांगितलेल्या पर्यायांचे दोन वर्ग पडतात. जिलेटिन पेपर आणि शीटवरचे ग्लास कलर पारदर्शक असतात : त्यांतून प्रकाश सरळ जातो, म्हणून पलीकडचे झाड किंवा भिंत दिसत राहते, आणि ऊन थेट पडले तर जमिनीवर रंगीत कवडसा उमटतो. पतंगाचा कागद, बटर पेपर आणि तेल लावलेला कागद पारभासी असतात : ते प्रकाश विखुरतात, म्हणून कवडसा जवळजवळ पडत नाही, पण चित्राचा पृष्ठभाग कुठूनही पाहिला तरी उजळलेला दिसतो. आपल्याला जमिनीवर रंग हवे आहेत की खिडकीत चित्र हवे आहे, हे ठरवल्याशिवाय कागद विकत आणू नये.

कवडसा हवा असेल, तर डिसेंबर हा त्यासाठी उत्तम महिना आहे. जळगाव जिल्हा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि डिसेंबरअखेर सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे साडेतेवीस अंश दक्षिणेस असतो, त्यामुळे मध्यान्ही तो दक्षिणेकडे क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपास उंचीवर येतो. आपल्याकडे ही वेळ घड्याळात साडेबाराच्या सुमारास येते. ४५ अंशांवरचे ऊन जितक्या उंचीवरून आत शिरते, जवळजवळ तितक्याच अंतरावर जमिनीला टेकते. खिडकीचा तळ जमिनीपासून तीन फुटांवर आणि माथा सात फुटांवर असेल, तर रंगीत कवडसा भिंतीपासून साधारण तीन ते सात फुटांच्या पट्ट्यात पडेल. आठवीच्या मुलांना हे आधी कागदावर काढायला सांगून नंतर टेपने मोजायला लावता येईल.

तेल लावलेल्या कागदाचे तत्त्वही मुलांना सांगण्यासारखे आहे. कागद अपारदर्शक वाटतो, कारण त्याच्या तंतूंमध्ये हवा असते. तंतूंचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचे माप) सुमारे १.५ आणि हवेचा १, त्यामुळे प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो. शेंगदाणा तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आहे, ते हवेची जागा घेते, सीमा जवळजवळ नाहीशा होतात आणि प्रकाश आरपार येतो. साध्या पांढऱ्या कागदावर मेणाच्या खडूने दाबून रंगवायचे आणि मागच्या बाजूने कापसाच्या बोळ्याने तेल पुसायचे, एवढीच कृती आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना ती फार आवडते, पण शेंगदाणा तेल सुकत नाही, त्यावर धूळ बसत राहते आणि शेजारच्या कागदालाही ते लागते. खिडकीसाठी ती पद्धत मी घेणार नाही. जवसाचे तेल सुकते, परंतु त्यात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून शाळेत ते नकोच.

आणखी एक गोष्ट पाहावी. रंगीत पारदर्शक कागद एकावर एक ठेवले की प्रत्येक कागद आपल्या वाट्याचा प्रकाश गाळतो. पिवळ्यावर निळा ठेवला तर हिरवा मिळतो, पण लाल आणि हिरवा एकत्र आले तर जवळजवळ काळा. रंगपेटीतील अनुभवावरून मुले याचा अंदाज बांधतात आणि काही ठिकाणी तो चुकतो. जिथे चुकतो तिथे थांबून चर्चा करावी.

काचकाम

माझा व्यवसाय काचेचा आहे. दारे, खिडक्या आणि देवघरांसाठी रंगीत काच बसवण्याची कामे करतो. मुलांना खरी काच हाताळू न देण्याचा निर्णय योग्यच आहे, आणि शिसे तर शाळेत मुळीच आणू नये. ते विषारी आहे आणि त्याची धूळ लहान मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक बाधते.

परंतु मुलांना मूळ गोष्ट काय आहे, हे माहीत असावे असे मला मनापासून वाटते, नाहीतर नक्कल कशाची केली तेच त्यांना कळणार नाही. जुन्या काचचित्रांतील रंग काचेवर लावलेला नसून बहुतेक वेळा काचेतच असतो. काच वितळलेली असताना तिच्यात धातूंची संयुगे मिसळतात : कोबाल्टने गडद निळा, तांब्याने हिरवा किंवा लाल, मँगनीजने जांभळा, आणि सोन्याच्या अत्यल्प अंशाने माणकासारखा लाल. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात चांदीच्या संयुगाचा लेप काचेवर देऊन ती भाजण्याची युक्ती रूढ झाली आणि त्यामुळे एकाच तुकड्यावर पिवळा रंग हवा तिथे आणता येऊ लागला. तोपर्यंत केस पिवळे आणि चेहरा पांढरा दाखवायचा तर दोन तुकडे जोडावे लागत. पॅरिसमधील सेंट शापेल हे १२४८ साली पूर्ण झालेले प्रार्थनागृह पाहिले, निदान त्याची छायाचित्रे पाहिली, तर भिंतींची जागा काचेने कशी घेतली ते दिसते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लुई टिफनी या काच-कलावंताच्या कार्यशाळेने शिशाच्या पट्टीऐवजी तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून ते डाग देऊन (वितळलेल्या धातूने) सांधण्याची पद्धत लोकप्रिय केली, त्यामुळे रेषा बारीक आणि वळणदार झाल्या. पांझराकाठ ताईंनी सांगितलेली जाड रेषा जुन्या पद्धतीची आहे आणि शाळेच्या कामाला तीच शोभेल.

खान्देशातील मुलांना अस्सल काम पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. जळगाव-भुसावळहून मुंबईला जाणाऱ्या कित्येक गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला थांबतात. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने भुसावळपर्यंत रूळ आणले, तिच्या मुख्यालयासाठीच ती इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली आणि तिच्या घुमटाखालच्या भागात रंगीत काचा आहेत. जवळच मुंबई विद्यापीठाचा १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आहे. त्याच्याही काचा पाहण्यासारख्या आहेत. आणि तेही जमत नसेल, तर आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दारांवर अर्धगोल झरोक्यात लाल, हिरव्या, पिवळ्या काचा अजूनही कुठे कुठे शिल्लक आहेत. सकाळच्या उन्हात मुलांना अशा एखाद्या दारासमोर उभे करावे.

रंगांबाबत एक विनंती. मुलांना सगळे रंग सारख्या प्रमाणात वापरू देऊ नका. चांगल्या काचचित्रात एक-दोन रंग राज्य करतात आणि उरलेले थोडे थोडे येतात; फिकट, जवळजवळ रंगहीन तुकडेही पुष्कळ असतात, कारण उजेड आत येण्याची वाट तेच मोकळी ठेवतात. कपाशीच्या बोंडासाठी नुसता बटर पेपर मोकळा सोडला, तर तो चित्रातील सर्वांत तेजस्वी भाग होईल.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काळ्या कागदावर तुकडे मांडण्याचा तास आठवीत घेतला. ज्या विद्यार्थ्यांचे चित्रकलेत फारसे लक्ष नसते, त्यांनीही तो मन लावून केला आणि त्यांच्या विभागणीत एक प्रकारचा ठामपणा होता; रेखाटनात हुशार असलेली काही मुले मात्र खाचेच्या नियमापाशी अडली. केळीची बाग, सातपुडा, कपाशी आणि सुगरणीची घरटी असे चार खिडक्यांचे चार विषय ठरले आहेत.

मात्र एक महत्त्वाची गोष्ट मूळ प्रश्नात लिहायची राहिली होती. स्नेहसंमेलन मैदानावर, संध्याकाळी सूर्यास्तानंतर असते. पालक शेतावरून परतल्यावरच येतात, त्यामुळे वेळ बदलणे शक्य नाही. अशा वेळी खिडकीतील चित्रे दिसणारच नाहीत का? आणि उन्हाळ्याच्या प्रश्नावर कोणाचा अनुभव असेल तर कृपया लिहावे.

शहाद्याची_सजावट

सर, संध्याकाळची वेळ ही अडचण समजू नका. दिवसा काचचित्र खोलीच्या आतून पाहायचे असते आणि रात्री बाहेरून. उजेड ज्या बाजूला अधिक, त्याच्या विरुद्ध बाजूला प्रेक्षक असले पाहिजेत, एवढाच नियम आहे. आपल्या खिडक्या मैदानाकडे उघडतात आणि पालक मैदानातच बसणार आहेत, म्हणजे खोलीत दिवे लावले की चारही खिडक्या मैदानातून उजळलेल्या दिसतील. मी गणेशोत्सवाची आणि रंगमंचाची सजावट करते, त्यामुळे मागून प्रकाश देण्याच्या कामाचा मला सराव आहे.

यामुळे साहित्याचा प्रश्नही सुटतो. पारदर्शक जिलेटिन लावले असते, तर रात्री त्यातून थेट ट्यूबलाइट, पंखा आणि फळा दिसला असता. पतंगाचा कागद आणि बटर पेपर उजेड पसरवतात, म्हणून तीच निवड कायम ठेवावी. फक्त चित्राची दर्शनी बाजू आता बाहेर येईल, त्यामुळे काळ्या पट्ट्या आणि मार्करचे तपशील मैदानाकडे तोंड करून बसवावेत. एखाद्या भागावर अक्षरे असतील, तर ती उलटी लागणार नाहीत याकडे आधीच लक्ष द्यावे.

भाग गजांना बांधण्यापूर्वी त्यांना चौकट हवी. बांबूच्या कामट्यांची १८ बाय २४ इंचांची चौकट करून कार्डशीटच्या कडेची पट्टी त्यावर मुडपून चिकटवली की भाग ताठ राहतो. चौकटी गजांच्या आतल्या बाजूने सुतळीने बांधाव्यात. बाहेरून बांधल्या तर वाऱ्याचा सगळा जोर कागदावर येतो, आणि डिसेंबरमध्ये संध्याकाळी मोकळ्या मैदानावर वारा असतोच. आतून बांधल्यावर गजांच्या उभ्या रेषा चित्रावरून जातील. मूळ रेखाटन करतानाच त्यांची जागा मोजून घेतली आणि काही काळ्या रेषा नेमक्या त्यांच्यावर आणल्या, तर त्या चित्रात मिसळून जातात. सरांनी अजून खाकी कागदावर अंतिम रेखाटन केले नसेल, तर हे माप आधी घ्यावे. खिडकीतल्या चार भागांच्या सांध्यांवरही, दोन चौकटींच्या कामट्या एकत्र येतात तिथे, एक रुंद काळी पट्टी धरावी.

उन्हाळ्याबद्दल सांगायचे तर संमेलन झाल्यावर चित्रे दक्षिणेच्या खिडकीत ठेवूच नका. पतंगाच्या कागदाचा रंग थेट उन्हात झपाट्याने उडतो, गुलाबी आणि जांभळा सर्वांत आधी. चौकटीतून काढून, दोन भागांमध्ये साधा कोरडा कागद घालून, कपाटात आडवे ठेवावेत. जिथे फेविकॉल वापरला असेल, तिथे मधला कागद घालायला विसरू नये, कारण एप्रिल-मेच्या उष्णतेत तो थोडा मऊ पडतो आणि एकावर एक ठेवलेली चित्रे चिकटतात. गुंडाळी करून ठेवू नये. काळ्या पट्ट्या वळणावर सुटतात. वर्षभर खिडकीत राहील असे काही हवेच असेल, तर एक लहान भाग पारदर्शक शीटवर पाण्यात मिसळणाऱ्या ग्लास कलरने करून उत्तरेच्या खिडकीत लावून पाहावा. त्याच्या रेषांसाठी दोन भाग फेविकॉल आणि एक भाग काळा ॲक्रिलिक रंग एकत्र करून मेंदीच्या कोनात भरावा. खान्देशात मेंदी काढणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात असतात. कोनावरचा त्यांचा हात इतका बसलेला असतो की रेषेत कुठेही फट राहत नाही आणि रंग शेजारच्या घरात झिरपत नाही.

पांझराकाठ

गजांची माहिती फार उपयोगी आहे, ताई. ती माझ्या लक्षात आली नव्हती. सर, आपल्या खिडक्यांच्या गजांमधले अंतर एकसारखे असेल, तर केळीच्या खोडांसाठी आणि सुगरणीच्या घरट्यांच्या लोंबत्या दोरांसाठी त्यांचा सरळ उपयोग करून घ्या. सातपुड्याच्या खिडकीत मात्र आडव्या रांगा उभ्या गजांनी कापल्या जातील, म्हणून तिथे प्रत्येक रांगेचे तुकडे गजापाशीच पाडावेत आणि शेजारच्या तुकड्याची छटा किंचित बदलावी.

दिव्यांबाबत एक विचारायचे आहे. खोलीतील नेहमीच्या ट्यूबलाइट छताजवळ असतात. त्यामुळे खिडकीचा वरचा भाग उजळ आणि खालचा अंधारा दिसणार नाही का?

शहाद्याची_सजावट

होय ताई, तसेच होते, म्हणून छताच्या दिव्यांवर अवलंबून राहू नये. प्रत्येक खिडकीमागे दोन-अडीच फूट अंतर सोडून बाकावर एक एलईडी ट्यूब उभी लावावी आणि तिच्या मागे पांढरी चादर ताणून बांधावी, म्हणजे वाया जाणारा उजेड परत खिडकीकडे येतो. ट्यूब याहून जवळ आणली, तर कागदातून तिचा उभा पट्टा दिसू लागतो. हॅलोजन वापरू नका. ते फार तापते आणि इथे सगळा मामला कागदाचा आहे. पांढऱ्या उजेडाची ट्यूब घ्यावी, कारण पिवळसर उजेडात निळे तुकडे मंद पडतात आणि सातपुड्याच्या खिडकीत निळाच अधिक असणार. वायरी बाकांच्या मागून भिंतीलगत न्याव्यात आणि त्या खोलीत संमेलनाच्या वेळी मुलांना कपडे बदलायला बसवू नये, नाहीतर त्यांच्या सावल्या चित्रांवर हलत राहतील.

आणि कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी खिडक्यांसमोरच्या व्हरांड्यातील दिवा बंद करायला कोणाला तरी नेमून ठेवा. तो एक दिवा चालू राहिला तरी कागदावर बाहेरचा उजेड पडतो आणि रंग फिके दिसतात. रंगमंचाचे दिवेही खिडक्यांच्या दिशेने वळलेले नाहीत ना, हे आदल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर मैदानाच्या शेवटच्या रांगेत उभे राहून पाहून घ्यावे.